रिबकाचा प्रश्न

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला फोन वाजला तेव्हा शांतवन उजागरे दुकानात एका पाच एचपीच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं कोपरानंच फोन चालू केला. डायलिसिसच्या गाडीतली नर्स बोलत होती.

“काका, गाडी बाजूला घेतलीय आम्ही. रिबकाकाकू गेल्या.”

“कुठं गेल्या?”

 नर्स म्हणाली, “रेल्वे फाटकाच्या अलीकडे, काका.”

तेव्हा त्याला कळलं. पण वेढे घालताना तार मध्येच सोडली तर ती ढिली पडते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हात आपोआप चालत राहिले. उरलेले अकरा वेढे पुरे करून, टोकाला गाठ मारून मग तो उठला. अडतीस वर्षांचा संसार, आणि त्यानं बायकोला अकरा वेढे थांबवून ठेवलं. पुढं लोक भेटायला येऊन सांत्वनाचं काहीबाही बोलत तेव्हा तो ऐकत असे, पण मनात ते अकरा वेढेच मोजत असे.

करंजटाकळीच्या मिशन दवाखान्यात डायलिसिसच्या सहा खुर्च्या होत्या. उजागऱ्यांच्या घरापासून पाच मिनिटांची वाट. रिबका आठवड्यातून तीनदा चालत जायची, चार तास बसायची आणि शेजारणीच्या हाताला धरून परत यायची. जानेवारीत तालुका न्यायपीठाचा निकाल लागला आणि दवाखाना पंधरा दिवसांत रिकामा झाला. मग चौसष्ट किलोमीटरवर नगर. तिथं जागा मिळेल तसा नंबर लागायचा. तीनाचे दोन दिवस झाले, आणि त्या आठवड्यात शुक्रवारनंतर थेट मंगळवार आला. किडन्या काम करत नसल्या की रक्तातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, साठत जातं. एका हद्दीपलीकडे गेलं की हृदयाचा ठेका चुकतो. रिबकाला हे सगळं पाठ होतं. भाजीचा बटाटासुद्धा ती चिरून चार तास पाण्यात ठेवायची, पाणी फेकायची, मग शिजवायची. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं होतं.

मातीला चर्चची सगळी मंडळी जमली होती. पाळक अमोस लोंढे यांनी शास्त्रवाचन केलं, पेटी खाली उतरली, आणि मूठभर माती टाकून शांतवन मागं वळला तेव्हा त्याला दफनभूमीच्या फाटकाबाहेर एक माणूस उभा दिसला. टोपी हातात, मान खाली. न्यायाधीश आढाव. ते आत आले नाहीत. कुणाशी बोलले नाहीत. शेवटचं गीत संपायच्या आत निघूनही गेले.

“बघा,” मंडळीचे मुख्य वडील, म्हणजे कारभारी, गुलाबराव साळवे पुटपुटले. निवृत्त हेडमास्तर, आवाज दबका ठेवला तरी वर्गाला ऐकू जाणारा. “आपण बसवलेला माणूस. आणि आपल्याच मातीला बाहेर उभा.”

शांतवननं हाताला लागलेली माती झटकली. बसवणाऱ्यांत तो पुढं होता.

*

हे बसवणं दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस सालचं.

तालुका न्यायपीठावर कोण बसणार हे नव्या कायद्यानं मतदार ठरवत. निवड समिती दोन नावं सुचवी आणि तालुका त्यातल्या एकाला कौल देई. पण न्यायाधीशानं प्रचार कसा करायचा? मी अमुक खटल्यात तमुक निकाल देईन असं तर त्याला सांगता येत नाही. त्यावर तोडगा म्हणून जुळा आला. सरकारी कागदावर त्याचं नाव निर्णय-प्रतिमान असं होतं, पण सगळे जुळाच म्हणत.

उमेदवाराला चाळीस दिवस एका खोलीत बसवत. डोक्यावर संवेदकांची टोपी, समोर एकामागून एक सहाशे काल्पनिक खटले. तो निकाल काय देतो एवढंच यंत्र टिपत नसे. कुठल्या ओळीवर त्याची नजर थांबली, कुठल्या नावाशी नाडी बदलली, कुठं लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिलं, हेही टिपत असे. त्यातून त्याच्या विचार करण्याच्या रीतीची एक नक्कल तयार होई. मग उमेदवार आणि नक्कल, दोघांना न पाहिलेले शंभर खटले देत. चौऱ्याण्णवमध्ये तरी दोघांचं जमलं तरच जुळा मतदारांसमोर येई.

मतदारानं जुळ्याला प्रश्न विचारायचा. एका मतदाराला एकच. कारण हवे तेवढे प्रश्न विचारता आले असते तर एखाद्या हुशार वकिलानं न्यायाधीशाची सगळी छिद्रं शोधून त्या मापाचे खटले शिवले असते. प्रश्न फोनवरून, अंगठा लावून विचारायचा. तो दोन्ही उमेदवारांच्या जुळ्यांकडे जाई आणि दोघांची उत्तरं तहसीलसमोरच्या मोठ्या फलकावर लागत. सगळ्या तालुक्यानं वाचावीत म्हणून.

त्या वेळची दोन नावं होती सॅम्युएल आढाव आणि नसीम बागवान. दोघंही वकिलीत वीस वर्षं मुरलेले, दोघांबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडायला कठीण.

उपासनेनंतर मंडळीच्या हॉलमध्ये वडिलांची बैठक झाली. गुलाबराव म्हणाले, “आपण दुसरं काही विचारायचं नाही. सगळ्यांनी एकच. तुमचा धर्म कोणता? तीनशे वेळा ते उत्तर फलकावर लागलं पाहिजे. आपल्या माणसाला कळेल की पाठीशी कोण आहे, आणि बाकीच्यांना कळेल की आपण किती आहोत.”

“धर्म तर आडनावावरून कळतोच,” पाळक लोंढे म्हणाले होते. चाळिशीचे, नवीनच आलेले.

“आडनावावरून काय कळतं पाळकसाहेब, आढाव सगळ्यांत आहेत. तोंडानं कबूल करणं वेगळं.”

शांतवनला ते पटलं होतं. उगीच नाही. तो बारा वर्षांचा असताना दफनभूमीच्या रस्त्याचा दावा सुरू झाला होता आणि तो तेवीस वर्षांचा होईतो चालला. तेवढी वर्षं पेट्या उसाच्या सऱ्यांतून न्याव्या लागल्या. त्याच्या बापाची पेटीसुद्धा. ओल्या सरीत वाहणाऱ्यांचे पाय घसरले आणि पेटी एका बाजूला कलली होती. आतून आवाज आला होता. तिथं खुर्चीवर आपला माणूस असता तर, हे वाक्य त्यानं तेव्हापासून मनात बाळगलं होतं. परमेश्वराला भिणारा माणूस खुर्चीवर असावा, असं त्याला मनापासून वाटे.

रिबकाला तो हे सांगत होता तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

“तीनशे जणांनी एकच विचारायचं? पहिल्याला सांगितलेलं दुसऱ्याला ऐकू येत नाही का?”

“जोर दिसतो त्यानं.”

“मोटार भरायला येते तेव्हा तिच्या मालकाचा धर्म विचारता का हो तुम्ही?”

“मोटार आणि न्याय एक आहे का?”

“मला काय माहीत. दोन्ही जळाले की अंधारच होतो.” मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, “माझा प्रश्न ठेवा. मला एक विचारायचंय.”

“काय?”

“विचारल्यावर फलकावर वाचा.”

पुढच्या रविवारी हॉलमध्ये तीन टेबलं लागली. बऱ्याच जणांना, विशेषतः म्हाताऱ्यांना, फोनवरची ती भानगड जमत नव्हती. ‘आम्ही भरून देतो’ असं म्हणून वडिलांनी फोन घेतले, अंगठे घेतले, प्रश्न भरले. शांतवनच्या टेबलावर एकशे तीन झाले. गुलाबरावांनी बेरीज केली: तीनशे अकरा.

“तुमच्या घरातला एक दिसत नाही,” गुलाबराव म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण चारचौघांत म्हणाले.

सोमवारी रिबका डायलिसिसला बसली होती. डाव्या हातात दोन सुया, उजवा हात मांडीवर. दुसऱ्या तासाला तिला नेहमी ग्लानी यायची. शांतवन शेजारच्या स्टुलावर होता. तिचा फोन तिच्याच पिशवीत. त्यानं तो काढला, प्रश्न टाइप केला, आणि तिचा उजवा अंगठा उचलून काचेवर टेकवला. अंगठा गार होता. रक्त बाहेर फिरत असताना हातपाय गार पडतात तिचे. तिनं डोळे उघडले नाहीत. त्यानं फोन परत पिशवीत ठेवला आणि तिच्या पायांवर चादर नीट केली.

तीनशे बारा.

आढाव एकशे चाळीस मतांनी आले. हॉलमध्ये पेढे वाटले. रिबकानं पेढ्याचा कण तोंडात टाकला, तिला तेवढाच चालायचा. तिच्या प्रश्नाबद्दल तिनं पुन्हा एक अक्षर काढलं नाही. शांतवननं मनाची समजूत घातली, विसरली असेल.

शपथ घेतली त्या आठवड्यापासून आढावांनी मंडळीत येणं बंद केलं. नाताळालाही आले नाहीत.

*

रिबकाला जाऊन बारा दिवस झाले त्या रविवारी शांतवननं उपासनेला स्वतःचं शास्त्र, म्हणजे बायबल, न घेता तिचं घेतलं. पाळकांनी वाचनाचा अध्याय सांगितला, त्यानं पानं उलटली आणि मध्ये घडी घातलेला कागद सापडला. तिचं अक्षर. शाळेत शिकवल्यासारखं गोल.

‘दवाखाना चालू असलेली जागा रिकामी करायची वेळ आली, तर तिथे सुई लावून बसलेल्या माणसांसाठी तुम्ही किती दिवस द्याल?’

त्याखाली, दुसऱ्या शाईनं:

‘विचारता आला नाही. माझा आधीच विचारून झालाय म्हणे.’

भोवती मंडळी गायला उभी राहिली. शांतवन बसूनच पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.

म्हणजे तिला माहीत होतं. तिनं फोनवर प्रश्न भरायला घेतला असेल आणि फोननं तिला सांगितलं असेल. त्यानंतर पावणेदोन वर्षं ती त्याच्यासाठी भाकरी थापत राहिली.

आणि तिला आणखी काहीतरी माहीत होतं. दवाखान्याची जमीन एका जुन्या विश्वस्तानं कधीच एका गृहनिर्माण संस्थेला विकून टाकली आहे, आज ना उद्या दावा उभा राहणार, ही कुजबुज तिनं खुर्चीवर बसल्या बसल्या नर्सांकडून ऐकली असणार. दावा उभा राहिला. विक्री कायदेशीर ठरली. त्यात आढावांची चूक नव्हती, कागद तसेच होते. पण जागा कधी सोडायची ते न्यायाधीशाच्या हातात असतं. आढावांनी पंधरा दिवस दिले.

सोमवारी तो तहसीलमधल्या कौल कक्षात गेला. तिथं नयना शिरसाट बसायची. जुळ्यांची देखभाल करणारी मुलगी, तिच्या वडिलांच्या विहिरीवरची मोटार शांतवननं दोनदा भरली होती.

“काका, या. काकूंचं कळलं. फार वाईट झालं.”

“तिचा प्रश्न विचारायचाय,” तो म्हणाला.

नयनानं पडद्यावर पाहिलं. “काकूंचा वापरला गेलाय. हे बघा. सोमवार, अकरा वीस. ठिकाण, मिशन दवाखाना.” तिनं पडद्यावरून मान वर केली. “काकूंनीच विचारला होता ना?”

“हो,” शांतवन म्हणाला.

आणि तो तिथून निघाला. तोंडातून ‘हो’ कसं गेलं ते त्याला बसस्टँडपर्यंत कळत नव्हतं.

*

पाळक लोंढे अंगणात सायकलची चेन घालत होते. शांतवननं चिठ्ठी पुढं केली. त्यांनी वाचली, वरची ओळ, मग खालची. खालची दोनदा.

“मीच केलं ते,” शांतवन म्हणाला. “ती झोपलेली असताना.”

लोंढे पायरीवर बसले. 

“माझा प्रश्न शिल्लक आहे, शांतवनभाऊ,” ते म्हणाले. “तीनशे बारांत मी नव्हतो. मला ते बरं वाटत नव्हतं.”

“मग बोलला का नाही?”

“नवीन होतो. मंडळी दुखावेल असं वाटलं.” त्यांनी हाताचं ग्रीस पायरीला पुसलं. “माणसाच्या विश्वासाला काही अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पण आपण त्याचा विश्वास विचारलाच नाही हो. आपण त्याचा दाखला मागितला. हे मला त्याच दिवशी कळत होतं, आणि त्याच रविवारी मी सहनशीलतेवर प्रवचन दिलं. तुम्ही एकटेच आहात असं समजू नका.”

दुपारी दोघं कौल कक्षात गेले. कौल संपला तरी जुळे पाच वर्षं जपून ठेवतात आणि शिल्लक प्रश्न तोवर चालतो. लोंढ्यांनी अंगठा लावला. नयनानं रिबकाच्या शब्दांत प्रश्न भरला आणि मिशन दवाखान्याच्या दाव्याची फाइल त्याला जोडली.

पडद्यावर दोन ओळी आल्या. नसीम बागवान: एकशे ऐंशी दिवस, किंवा दुसरं केंद्र सुरू होईपर्यंत. सॅम्युएल आढाव: पंधरा दिवस.

“निर्दय आहे,” शांतवन म्हणाला.

नयना पडद्याकडे बघत होती. “तसं वाटत नाही, काका. बाकीच्या खटल्यांत हा माणूस भरपूर मुदत देतो. भाडेकरूंना, टपरीवाल्यांना. थांबा. प्रत्येक प्रश्नाबरोबर एकदा उलटफेर करता येतो. बहुतेक लोक मागतच नाहीत.”

“म्हणजे काय?”

“फाइलमधली एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं. तेच कागद, तेच रुग्ण, तीच जमीन. आणि बघायचं निकाल हलतो का. हलला, तर तो त्या एका गोष्टीमुळं हलला.” तिनं एका शब्दावर बोट ठेवलं. दवाखाना चालवणारी संस्था: ख्रिस्ती. “हे बदलते.”

तिनं त्या जागी दुसऱ्या एका धर्माची संस्था टाकली. यंत्राला अर्धं मिनिट लागलं.

सॅम्युएल आढाव: एकशे ऐंशी दिवस.

 नयनानं तिसऱ्या धर्माची संस्था टाकायला परवानगी आहे का ते नियमात पाहिलं, नव्हती. बागवानांसाठी मात्र एकदा उलटफेर करता आला. संस्था मुसलमान केली तर बागवानांचे एकशे ऐंशीचे एकशे साठ झाले.

“काटा त्यांचाही हलतो,” नयना म्हणाली. “थोडा सगळ्यांचाच हलतो. पण इतका...” तिनं आढावांचा नाडीचा आलेख उघडला. “हे बघा. चाळीस दिवसांत जिथं जिथं ख्रिस्ती पक्षकाराचं नाव आलं तिथं नाडी वर. तिथं तिथं लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिलंय. आणि प्रत्येक वेळी दुसरं लिहिलेलं पहिल्यापेक्षा कडक.”

शांतवन त्या आलेखाकडे बघत राहिला. त्याला विजेचं कळत होतं. तीन फेजच्या मोटारीला दोन तारा अदलाबदल होऊन लागल्या की मोटार उलटी फिरते. वीज तीच, जोर तोच, तांबं तेच. मालकाला वाटतं मोटार बिघडली. ती बिघडलेली नसते, तितक्याच इमानानं उलट फिरत असते.

तीनशे बारा वेळा त्यांनी त्या माणसाला विचारलं होतं, तू आमचा ना? तीनशे बारा वेळा फलकावर लागलं होतं, हो. सगळ्या तालुक्यानं वाचलं होतं. त्यानंतर त्या खुर्चीत बसून दवाखान्याला सहा महिने द्यायला कुणाचा हात धजला असता? बैठकीआधीही तो माणूस आपल्या लोकांच्या नावाला बिचकत होता, हे आलेखात दिसत होतं. पण तारा घट्ट पिळून वर टेप मारली ती मंडळीनं.

*

“एका चिठ्ठीसाठी?” गुलाबराव साळवे दुकानात उभे होते. बसायला सांगितलं तरी बसले नव्हते. “शांतवनराव, दुःखात माणूस काहीही करतो, मला समजतं. पण नमुना एकोणीस भरायला निघालात?”

नमुना एकोणीस म्हणजे दुसऱ्याचा प्रश्न वापरल्याची कबुली. ती दाखल झाली की कौल तपासणीला जाई, आणि तपास चाले तोवर त्या न्यायाधीशाचे शेवटच्या सहा महिन्यांतले निकाल स्थगित राहत. दवाखान्याची इमारत पाडायची तारीख बारा एप्रिल होती. इमारत अजून उभी होती. डायलिसिसला लागणारं शुद्ध पाणी करणारं यंत्र अजून आत होतं. त्याचा पंप शांतवननंच भरलेला. अकरा जण अजून त्या गाडीनं नगरला जात होते.

“अकरा माणसं आहेत, गुलाबराव. तुमची वहिनी आहे त्यात.”

“ते मला नका सांगू. मीच तिला गाडीत बसवतो.” गुलाबरावांचा आवाज जरा उतरला. मग पुन्हा चढला. “आपल्या समाजाचा पहिला माणूस तिथं बसला. तो उठेल. आणि पेपरात काय येईल? ख्रिस्ती लोकांनी कौल चोरला. पुढची चाळीस वर्षं आपल्या पोरांना हे ऐकावं लागेल. दफनभूमीचा रस्ता विसरलात?”

“नाही विसरलो.”

“मग?”

 पेपरात तसंच येणार होतं. पोरांना ऐकावं लागणार होतं. शांतवननं हातातला टेस्टिंगचा दिवा खाली ठेवला.

“आपला माणूस बसला,” तो सावकाश म्हणाला, “म्हणून आपल्यालाच पंधरा दिवस मिळाले. मी डोळ्यांनी बघितलं. न्यायाधीशाचा धर्म विचारू नये असं मला अजूनही वाटत नाही. पण तो विचारून आपण थांबलो. त्या धर्मानं त्याचा हात कुठं वळतो ते बघायला पाहिजे होतं. एकीला बघायचं होतं. तिचा प्रश्न मी घेतला.”

“तीन टेबलं होती. सगळ्यांची नावं लिहिणार?”

“माझं टेबल लिहीन. बाकीच्यांनी आपापलं लिहावं.”

गुलाबराव दारापर्यंत गेले. वळून म्हणाले, “रिबकाबाईंना हे आवडलं नसतं. मंडळीची अब्रू रस्त्यावर.”

“तिला काय आवडलं असतं ते मी एकदा ठरवलंय,” शांतवन म्हणाला. “पुन्हा नाही ठरवणार.”

*

एप्रिलच्या पाच तारखेला तो कौल कक्षात गेला. बरोबर कुणी नव्हतं. पाळक येतो म्हणाले होते, त्यानं नको म्हटलं. वाटेत दवाखान्यापाशी जरा थांबला. फाटकाला साखळी होती. आत पंपाच्या खोलीवर बोगनवेल चढली होती.

“मी तुला खोटं सांगितलं होतं,” तो नयनाला म्हणाला. “त्या दिवशी तू विचारलंस, काकूंनीच विचारला होता का. मी हो म्हटलं.”

“मला तेव्हाच वाटलं होतं, काका.” तिनं अर्ज पुढं केला. “बसा. सावकाश भरा.”

पहिल्या चौकटीत त्यानं आपलं नाव लिहिलं. दुसरीत, किती प्रश्न: एकशे चार. तिसरीत, कसे वापरले. तिथं त्याला वेळ लागला. एकशे तीन जणांनी फोन आपणहून दिले होते, त्यांचं एका ओळीत झालं. एकशे चौथ्यासाठी तीन ओळी लागल्या. सुया डाव्या हातात होत्या. ती झोपली होती. अंगठा मी लावला. चौथ्या चौकटीत, आणखी कोण सामील: ‘त्यांचं त्यांनी लिहावं.’ खाली सही केली. पोलीस चौकशीला बोलावतील, असं नयनानं सांगितलं. त्यानं मान हलवली.

“पाचवी चौकट राहिली,” ती म्हणाली. “ज्यांचा प्रश्न परवानगीशिवाय वापरला त्यांची सही किंवा अंगठा. मतदार हयात नसेल तर वारसानं करायचा.” तिनं शाईचं पॅड त्याच्याकडे सरकवलं.

शांतवननं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. वार्निशचा काळपट डाग नखाखाली कायमचा बसलेला. त्यानं हात टेबलाखाली घेतला.

“तिच्या जागी मी नाही लावणार.”

“काका, नियमात बसतं. वारस तुम्हीच आहात.”

“बसत असेल.”

“रिकामी ठेवली तर अर्ज अपूर्ण म्हणून लागेल. स्थगिती तीस दिवसांचीच मिळेल. पुढचं वरचे ठरवतील. सही केलीत तर तपास संपेपर्यंत मिळेल.”

 तीस दिवसांत अकरा जणांचं किती होतं ते त्यानं मोजलं. एकेकाचे तेरा डायलिसिस. पंप गंजला नसेल तर दोन दिवसांत पाणी सुरू होईल. मग त्यानं पॅडकडे पाहिलं, आणि हात वर काढता आला नाही.

“लाव तसाच,” तो म्हणाला.

नयनानं शिक्का मारला. पावती दिली. पावतीवर तारीख होती, नंबर होता, आणि खाली यंत्रानं आपोआप छापलेला शेरा.

दवाखान्याची साखळी दुसऱ्या दिवशी निघाली. पंप त्यानं स्वतः उघडला, बेअरिंग बदलली, आणि बुधवारी सहापैकी चार खुर्च्या सुरू झाल्या. आढावांना रजेवर जायला सांगितलं. गुलाबराव रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूनं जातात, पण वहिनीला आणून खुर्चीवर बसवतात. तीस दिवसांपैकी नऊ संपले आहेत. मुदत वाढवायची तर पाचवी चौकट भरून या, असं कौल कक्षातून दोनदा कळवून झालं आहे.

शांतवन रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती पावती काढून बघतो. तिच्यावर लिहिलं आहे: मतदार रिबका शांतवन उजागरे, सही बाकी.